मुद्दा हरला, भाऊ जिंकले

पेडण्याचा एक मुलगा स्वतःच्या हिमतीवर खाणमालक झाला आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी गोव्याचा पहिला मुख्यमंत्री. पैसेवाल्यांनी राजकारणात यावं की नाही, हा वाद आजही घरोघरी रंगतो. दयानंद बांदोडकरांची गोष्ट त्या वादाला एक वेगळंच उत्तर देते.

१९६७ सालचा जानेवारी महिना. गोव्यात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. चहाच्या दुकानात, होडीत, बाजारात, चर्चच्या आवारात, देवळाच्या मंडपात एकच चर्चा चालायची. फूल की दोन पानं?

फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन. दोन पानं म्हणजे गोवा वेगळा, केंद्रशासित. १६ जानेवारीला मतदान झालं. मोजणी संपली तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली होती. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं.

हा पराभव कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. ज्यांनी विलीनीकरणासाठी पक्ष उभा केला, त्या पक्षाच्या नावातच 'महाराष्ट्रवादी' हा शब्द घातला आणि या मतदानासाठी मुख्यमंत्रिपद सोडलं, त्या दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा हा पराभव होता. आता भाऊंचं राजकारण संपलं, असं भल्याभल्यांनी मानलं.

खरी गंमत पुढेच आहे. २८ मार्चला विधानसभेची निवडणूक झाली. मतदार तेच, गावंही तीच. मध्ये गेले होते जेमतेम सव्वादोन महिने. या निवडणुकीत भाऊंच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या आणि ५ एप्रिलला भाऊ पुन्हा मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसले!

जानेवारीत ज्यांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं, त्यांनीच मार्चमध्ये त्यांना का निवडलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे, पेडण्याला जायला हवं.

नव्या काबिजादीतलं गाव

गोव्याच्या उत्तर टोकाला, सावंतवाडीच्या शेजारी पेडणे तालुका आहे. पोर्तुगीज गोव्यात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या 'जुन्या काबिजादी'. सोळाव्या शतकापासून तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे तालुके मात्र अठराव्या शतकात त्यांच्या ताब्यात आले. त्या 'नव्या काबिजादी'. इथली वस्ती बहुतांशी हिंदू, बोली कोकणी, पण कीर्तन, भजन, नाटक आणि शाळा मराठीतून. शाळा म्हणजे तरी काय? देवळाच्या ओसरीवर किंवा कुणाच्या पडवीत गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली. सरकारदरबारची भाषा पोर्तुगीज होती आणि ती शिकणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं.

या पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी दयानंदांचा जन्म झाला. बांदोडकर हे आडनाव फोंडा तालुक्यातल्या बांदोडे गावाची आठवण सांगतं. त्यांचा समाज गोमंतक मराठा. देवळांमधून पिढ्यान्‌पिढ्या गायन-वादनाची सेवा करणाऱ्या घराण्यांचा हा समाज. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका त्यानेच दिल्या. पण ज्यांच्या गाण्याला माना डोलायच्या, त्यांना पंगतीत मात्र बरोबरीचं पान मिळत नव्हतं. विसाव्या शतकात या समाजाने स्वतःच कंबर कसून जुन्या चालीरीती मोडल्या, मुलामुलींना शिकवलं. दयानंद वाढले ते या घुसळणीच्या काळात.

गोव्यातलं आणखी एक वास्तव त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. ते म्हणजे भाटकार आणि मुंडकार. भाट म्हणजे माडांची, झाडांची जमीन. तिचा मालक तो भाटकार. त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा, त्याच्या माडांची राखण करणारा, बोलावलं की हातातलं काम टाकून धावणारा तो मुंडकार. घर मुंडकाराने स्वतःच्या हाताने बांधलेलं असलं, तरी खालची जमीन भाटकाराची. भाटकाराचं मन फिरलं की चूल उचलायची आणि चालू लागायचं. शेत कसणाऱ्या कुळाची तऱ्हाही वेगळी नव्हती. घाम कुळाने गाळायचा आणि पिकाचा मोठा वाटा मालकाच्या कोठारात घालायचा.

लाल मातीचं सोनं

अशा गोव्यात श्रीमंती म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे वारसा. आजोबांनी ठेवली असेल तर आहे, नाहीतर नाही. नव्या माणसाला वर चढायला शिडीच नव्हती.

ती शिडी मिळाली ती जमिनीच्या पोटातून. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या डोंगरांमध्ये लोह आणि मँगनीजचं खनिज आहे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. १९०६ साली पोर्तुगीजांनी वसाहतींसाठी खाणकायदाही केला होता. पण माल घेणार कोण? ते गिऱ्हाईक आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात होरपळलेला जपान पुन्हा उभा राहत होता. त्याच्या पोलादाच्या भट्ट्यांना खनिज हवं होतं आणि जपानकडे ते नव्हतं. गोव्याकडे डोंगर होते, डोंगराच्या पायथ्याशी मांडवी आणि झुआरी या नद्या होत्या आणि नद्यांच्या मुखाशी मुरगावसारखं बंदर होतं.

हा धंदा कसा चालायचा, तेही पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला सगळं काम हातांनी व्हायचं. पुरुष कुदळीने डोंगर फोडायचे, बायका टोपल्या डोक्यावर घेऊन माल वाहायच्या, दगडमाती निवडून बाजूला काढायच्या. तिथून ट्रक नदीकाठच्या धक्क्यावर जायचे. धक्क्यावरून बार्जमध्ये माल भरायचा आणि बार्ज नदीतून हळूहळू मुरगावच्या दिशेने निघायचे. तिथे उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांत ते खनिज चढायचं. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे चक्र थंडावायचं. खाणीचा परवाना मिळवायला खानदान लागत नव्हतं. लागायची ती जागा हेरण्याची नजर, कामगार गोळा करण्याची हातोटी, उधारीवर पैसा उभा करण्याची हिंमत आणि भाव पडले तर बुडण्याची तयारी.

बांदोडकरांकडे या चारही गोष्टी होत्या. वडिलोपार्जित गडगंज इस्टेट नसलेला हा माणूस पन्नाशीला पोहोचेपर्यंत गोव्यातल्या बड्या खाणमालकांच्या रांगेत जाऊन बसला. पैसा आला आणि त्या पैशाला वाटही मिळाली. शाळेला, देवळाला, नाटकाला, फुटबॉलच्या संघाला, अडल्यानडल्याच्या घरच्या लग्नकार्याला भाऊंचा हात सैल असायचा. राजकारणाचा विचारही डोक्यात नसताना त्यांचं नाव गावोगावी पोहोचलं होतं ते या दानतीमुळे.

काँग्रेसला भोपळा

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत कोसळली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, गोवा, दमण आणि दीवच्या ३० जागांसाठी पहिली निवडणूक ठरली. गोवेकर आयुष्यात पहिल्यांदाच सर्वांना समान हक्क असलेलं मत देणार होते.

सगळ्यांना वाटत होतं, काँग्रेस हसत हसत जिंकणार. का नाही वाटणार? गोवा सोडवला तो नेहरूंच्या सरकारने. पण दिल्लीच्या हिशेबात एक आकडा धरायचा राहून गेला होता. काँग्रेसच्या व्यासपीठावर गोव्यातल्या माणसाला दिसत होते ते कालचेच प्रतिष्ठित चेहरे. राज्य बदललं, पण भाटकार तोच राहणार असेल, तर आपल्याला काय मिळालं? असा प्रश्न कूळ, मुंडकार, खाणकामगार विचारत होते.

याच प्रश्नातून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे 'मगो', उभा राहिला. त्याची निशाणी सिंह. गोवा महाराष्ट्रात विलीन करा आणि बहुजनांच्या हाती सत्ता द्या, अशी त्याची हाक होती. पक्षाचा चेहरा आणि आधार होते खाणमालक बांदोडकर! एका धनिकाच्या मागे गरीब कसे गेले, याचं आज आपल्याला नवल वाटतं. पण लोकांच्या लेखी हा धनिक वेगळा होता. त्याची श्रीमंती त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. भाटकाराची श्रीमंती माणसाला त्याची पायरी दाखवायची. भाऊंची श्रीमंती सांगायची, पायरी चढता येते.

समोर होता डॉ. जॅक द सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. गोवा वेगळाच राहिला पाहिजे, ही त्यांची भूमिका. निकाल लागला आणि देश थक्क झाला. मगो आणि त्याच्या मित्रपक्षाला मिळून १६ जागा. युनायटेड गोवन्सला १२. आणि काँग्रेसला? खुद्द गोव्याच्या भूमीत एकही नाही!

बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. तरीही मुख्यमंत्री कोण, याबद्दल पक्षात दुमत झालं नाही. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि नंतर मडकई मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकून ते रीतसर विधानसभेत आले. मांडवीच्या काठावरचा आदिलशहाचा जुना वाडा पोर्तुगीजांच्या राज्यकारभाराचं केंद्र होता. आता तिथे पेडण्याचा मुलगा कारभार पाहू लागला.

पाटी, पेन्सिल आणि शेत

सत्तेवर आलेला व्यापारी पहिल्यांदा काय करेल? आपल्या धंद्याचं भलं करेल, असं कुणीही म्हणेल. बांदोडकरांचं सरकार ओळखलं जातं ते मात्र दोन वेगळ्याच कामांसाठी.

पहिलं काम शाळांचं. १९६१च्या सुमारास गोव्यात दर तिघांमध्ये जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होतं. सरकारी प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचू लागल्या. जिथे रस्ता नीट नव्हता, तिथे मास्तर चालत पोहोचले. कितीतरी वाड्यांवर पहिली पिढी पाटी-पेन्सिल घेऊन बसली ती याच वर्षांत. ज्या घरात अंगठ्याशिवाय दुसरी सही नव्हती, त्या घरातून पुढे शिक्षक, कारकून, परिचारिका, इंजिनियर निघाले. १९९१च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली आणि २०११ मध्ये ८८ टक्क्यांच्याही पुढे. हे श्रेय एका माणसाचं नाही. पण पाया कुणाच्या काळात घातला गेला, हे गोव्यातली जुनी माणसं विसरलेली नाहीत.

दुसरं काम जमिनीचं. १९६४ साली कूळकायदा आला. कुळाला मनमानीने काढून टाकायची मुभा संपली आणि मालकाने घ्यायच्या खंडाला पिकाच्या एक-षष्ठांशाची मर्यादा घातली गेली. ज्याने सबंध आयुष्य अर्धं पीक दुसऱ्याच्या दारात नेऊन ओतलं, त्याच्या घरात या एका आकड्याने काय फरक पडला असेल, याचा अंदाज कुठल्याही गृहिणीला सहज येईल. वर्षाची बेगमी आपल्याच कणगीत राहू लागली.

इतिहासाचे अभ्यासक पराग परोब यांनी २०१५ साली बांदोडकरांच्या राजकारणावर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. गोव्यातल्या या बदलाला त्यांनी शीर्षकातच भारतातली पहिली लोकशाही क्रांती म्हटलं आहे. हा शब्द कुणाला मोठा वाटेल. पण ज्या प्रदेशात मुंडकाराला भाटकारासमोर मान वर करण्याची हिंमत होत नव्हती, तिथे मतपेटीने ही उलथापालथ केली होती, रक्ताचा थेंब न सांडता.

फूल का कोमेजलं?

मग विलीनीकरण का हरलं?

१९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्र विधानसभेनेही तसाच ठराव केला. पण विरोधकांनी हट्ट धरला की असा निर्णय आमदारांनी परस्पर घ्यायचा नाही, जनतेला विचारा. दिल्लीला ते पटलं आणि १९६६च्या अखेरीस जनमत कौलाचा कायदा झाला. खुर्चीवर बसून बांदोडकर कौल आपल्याकडे वळवतील, अशी विरोधकांना भीती होती. बांदोडकरांनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाचं भवितव्य असं थेट लोकांना विचारून ठरवण्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

प्रचार पेटला आणि बहुजनांच्या घराघरांतसुद्धा शंका डोकावू लागल्या. महाराष्ट्रातून आलेले अधिकारी मोठ्या जागांवर बसलेले लोकांनी पाहिले होते. विलीन झालो तर नोकऱ्या आपल्या पोरांना मिळतील की मुंबई-पुण्याच्या? महाराष्ट्रात दारूबंदी होती. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी मग काय करायचं? कोकणीचं काय होईल? एवढ्या मोठ्या राज्याच्या एका कोपऱ्यात आपल्याला कोण विचारेल?

हा केवळ धर्माचा झगडा होता, असं अनेकदा सांगितलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. त्या वेळी ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि दोन पानांना निम्म्याहून अधिक मतं पडली. म्हणजे हिंदू मतदारांमधल्याही मोठ्या गटाने भाऊंच्या विरोधात कौल दिला होता. त्यात मार्चमध्ये सिंहावर शिक्का मारणारेही असले पाहिजेत.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गोव्याच्या मतदाराने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. 'भाऊ, शाळा तुम्ही दिली, शेताचा हक्क तुम्ही दिला, राज्य तुम्हीच करा. पण आमचं घर कुणाच्या घरात मिसळायचं, ते आम्ही ठरवणार,' असंच जणू त्याने सांगितलं. ज्याला अडाणी म्हणून हिणवलं गेलं, त्या मतदाराची ही समज भल्याभल्या पंडितांना लाजवणारी आहे.

आणि भाऊंनी काय केलं? त्यांनी कौल मानला. रुसून ते खाणीवर परतले नाहीत. पराभव पदरात घेऊन ते पुन्हा लोकांसमोर गेले. १९७० मध्ये पक्षात बंड झालं, तेही त्यांनी पचवलं. १९७२च्या निवडणुकीत तर मगोच्या जागा वाढून १८ झाल्या.

आणि तिकडे, आफ्रिकेत...

मताचा मान राखला नाही तर काय होतं, हे पाहायला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियात डोकावायला हवं.

मोशूद अबियोला यांचा जन्म १९३७चा. वडिलांचं हे तेविसावं अपत्य, आणि जगलेलं पहिलं! आधीची सगळी बाळं गेली म्हणून नाव ठेवलं 'काशिमावो', म्हणजे 'थांबू या, बघू या'. नवव्या वर्षी या मुलाने जळाऊ लाकडं विकायला सुरुवात केली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो ग्लासगोला हिशेबशास्त्र शिकला, एका मोठ्या परदेशी दूरसंचार कंपनीचा नायजेरियातला प्रमुख झाला. स्वतःची वृत्तपत्रं काढली, विमान कंपनी काढली. शाळा, मशिदी, ग्रंथालयं यांना त्याने पाण्यासारखा पैसा दिला. खेळाचा तर एवढा शौक की लोक त्याला आफ्रिकेतल्या खेळांचा आधारस्तंभ म्हणत. भाऊंची आठवण व्हावी असाच हा माणूस.

१२ जून १९९३ रोजी अबियोला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि मतमोजणीत सरळ पुढे होते. पण लष्करशहा जनरल बाबांगिडा यांनी निवडणूकच रद्द करून टाकली. पुढच्या वर्षी अबियोलांनी स्वतःला राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं, तेव्हा त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. ७ जुलै १९९८ रोजी बंदिवासातच त्यांचा अंत झाला. २०१८ मध्ये नायजेरियाच्या सरकारने १२ जून हा लोकशाही दिन म्हणून जाहीर केला आणि अबियोलांना मरणोत्तर सर्वोच्च किताब दिला. न्याय मिळाला, पण पंचवीस वर्षं उशिरा.

पैसा दोघांकडे होता, लोकप्रियताही होती. नायजेरियात लोकांनी दिलेलं मत पायदळी तुडवलं गेलं आणि देश होरपळला. गोव्यात मुख्यमंत्र्याच्या विरोधात गेलेलं मतही मोजलं गेलं, मानलं गेलं, आणि काही आठवड्यांत त्याच मतपेटीने त्याला परत बोलावलं. धनिक माणूस राजकारणात येण्यात धोका किती, हे त्याच्या तिजोरीवरून कळत नाही. तो आला त्या दिवशी मतपेटी किती मजबूत होती आणि हरल्यावर तिच्यापुढे त्याने मान झुकवली की नाही, यावरून कळतं.

मागे काय उरलं?

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचं निधन झालं. वय अवघं बासष्ट. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या आजवरच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, लोकांच्या 'ताई'. वडिलांची गादी मुलीकडे गेली, ही टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच गैर नव्हती. पण ताईंनी वडिलांचं काम पुढे नेलं हेही खरं. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला. १९७६ साली कूळकायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीची मालकी देण्याची वाट खुली झाली. १९७९ मध्ये त्यांचं सरकार कोसळलं. त्यानंतर सत्ता काँग्रेसकडे गेली आणि १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे. भाऊंनीच १९७२ मध्ये त्यांना मंत्री केलं होतं. ताई २०१६ साली गेल्या.

भाऊंच्या कारभारात दोष नव्हते असं नाही. पक्ष म्हणजे भाऊ आणि भाऊ म्हणजे पक्ष, असं झाल्यामुळे त्यांच्यानंतर मगोला तसं नेतृत्व सापडलं नाही. खाणमालकच राज्याचा प्रमुख झाला, तर खाणींवर अंकुश कोण ठेवणार, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. तो पुढे विचारावाच लागला. बेकायदा खाणकामामुळे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ज्या लाल मातीने पेडण्याच्या मुलाला वर चढवलं, त्याच मातीने कितीतरी शेतं आणि ओढे बुजवले. कूळ-मुंडकारांचे दावेही कायदा झाला म्हणून संपले नाहीत. आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो आहे, अशी घरं गोव्यात आहेत.

विलीनीकरणाचा प्रश्न मात्र कायमचा मिटला. १९८७ मध्ये आधी कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाला. भाऊंना जे हवं होतं, त्याच्या नेमकं उलट! तरीही त्या राज्याने भाऊंना परकं मानलं नाही. धारबांदोड्याचा साखर कारखाना ज्या जागी उभा राहिला, तिचं नाव दयानंदनगर. वृद्धांना आणि निराधारांना दरमहा मदत देणारी सरकारी योजना, तिचं नावही दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. पणजीत मांडवीच्या कडेने मिरामारला जाणारा रस्ता त्यांच्याच नावाचा.

तो रस्ता मिरामारच्या किनाऱ्यावर पोहोचतो आणि तिथेच भाऊंची समाधी आहे. संध्याकाळी तिथे माणसांची गर्दी असते. मुलं वाळूत फुटबॉल खेळतात, बायका भेळेच्या गाड्यापाशी गप्पा मारत उभ्या असतात. त्यांतल्या कितीजणांच्या आजोबांनी १६ जानेवारीला दोन पानांवर शिक्का मारला असेल आणि २८ मार्चला सिंहावर, कोण जाणे. बहुधा बऱ्याचजणांच्या. आणि त्या आजोबांना विचारलं असतं, तर त्यांना दोन्हींत काही विसंगत वाटलंही नसतं.